किती तास लागतात हो?

मुलगी न्यू जर्सीला असली की सोसायटीत हा प्रश्न चुकत नाही. नवशिक्यांनी उत्तर आधीच काढून ठेवावं.

साहित्य: शाळेतला पृथ्वीगोल, दोरा, कॅलेंडर. भिंतीवरचा नकाशा मात्र नको. त्यावर पट्टी ठेवली की मुंबई–न्यूयॉर्क रेघ अरबस्तान, सहारा करत जाते आणि माणूस गाफील राहतो. गोलावर दोरा ताणून बघा. तो निघतो वायव्येला, रशियावरून चढत पार आइसलंडच्या अंगाने जातो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. हाच सगळ्यांत जवळचा रस्ता: सुमारे १२,५४० किलोमीटर.

आता भागाकार. विमान ताशी नऊशेने जातं असं धरलं तर चौदा तास. इथे बरेच जण वही मिटतात. मिटू नका, उत्तर चुकलंय.

कारण दोऱ्याला परवानगी लागत नाही, विमानाला लागते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून आपल्या कंपन्यांच्या वाट्याला वळसा आला. युक्रेनवरून तर २०२२ पासून प्रवासी विमानं जातच नाहीत. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात कधी ताशी दोनशेच्याही वर. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. म्हणून जायला सोळा-सतरा तास धरा, यायला चौदा-पंधरा. विमान तेच, अंतर तेच. उगाच पायलटला नावं ठेवू नका.

पुढचा धडा घड्याळाचा. यात भले भले नापास होतात. न्यूयॉर्क आपल्यामागे हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे काटे पुढे सरकतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. तेवढे दोन रविवार कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, लिहून ठेवा. जानेवारीत रात्री दोनला मुंबईहून सुटलेलं विमान सोळा तासांनी पोचतं, तेव्हा तिकडे त्याच दिवसाची सकाळ, साडेसात. तिकीट वाचून तळमजल्यावरचे काका जाहीर करतात, ‘‘साडेपाच तासांत अमेरिका!’’ परतीचं विमान तिकडून सकाळी अकराला सुटून साडेचौदा तास उडालं तर इथे दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा. काकांच्या हिशोबाने पंचवीस तास. त्यांना समजावत बसू नये.

आणि पुण्याहून निघणार असाल तर खंडाळ्याचा घाट, विमानतळावर तीन तास आधी हजेरी, दोनदा उघडून वजन केलेली लोणच्याची बरणी आणि पलीकडची इमिग्रेशनची रांग हेही मिळवा. हे गोलावर मोजता येत नाही. शेजाऱ्यांना सरळ ‘दीड दिवस’ सांगावं. खरंही असतं आणि पुढचा प्रश्न येत नाही.

शेवटची सूचना घरी मोबाईलवर विमानाचं चित्र बघत बसणाऱ्यांसाठी. अटलांटिकच्या मधोमध ते अडकलं किंवा गायबच झालं, तरी नातेवाइकांना फोन फिरवू नका. विमानाचे संदेश टिपणारे अँटेना बहुतेक जमिनीवर असतात, भर समुद्रातून संदेश तिथवर पोचत नाहीत. कॅनडाचा किनारा आला की चित्र परत दिसेल. तोवर कुकर लावून घ्या.