कारेगाव मुक्कामी वायफाय

कारेगाव हे शिरूर तालुक्यातले, पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचे गाव. रांजणगावची औद्योगिक वसाहत त्याला खेटून असल्याने बाहेरून येणारा माणूस बहुधा मशीन बसवायला नाहीतर थकलेले बिल मागायला येतो. अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती जवळच आहे. लॅपटॉपला वायफाय लागले, तर त्याचेही दर्शन घडते.

वायफाय न लागल्यास प्रथम विमान मोड पाहावा. लॅपटॉप वाघोलीच्या कोंडीतून आलेला असला, तरी स्वतःला विमानात समजत असतो. मग डिव्हाइस मॅनेजर उघडावा. वायफायच्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह असेल, तर ड्रायव्हर बिघडला. नवा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्यावा, असे संगणक शांतपणे सुचवतो. अशा वेळी मोबाईल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे आणि संगणकाला उलट बोलू नये.

तिसरा प्रकार सर्वांत छळवादी. पासवर्ड बरोबर, रेघा पूर्ण, ‘जोडले आहे’ असा निर्वाळा. पण एक पान उघडेल तर शपथ. लॉजचा मॅनेजर राउटर बंद करून चालू करतो. पुन्हा करतो. तिसऱ्यांदा वरच्या मजल्यावरून शिवी येते, कारण तिथे सामना चाललेला असतो. “सगळ्यांचं चालतंय, साहेब,” मॅनेजर म्हणतो. हे वाक्य खरे असते, म्हणूनच जास्त झोंबते.

अशात रात्रपाळीला निघालेला शेजारच्या खोलीतला मुलगा दारात थांबतो. “माझं हॉटस्पॉट घ्या, दादा. घरी बोलून झालंय माझं.” दिवसाला मोजून मिळणारा डेटा तो अनोळखी माणसापुढे धरतो आणि कंपनीची बस येईपर्यंत उभा राहतो. हॉटस्पॉटही चालत नाही. मुलाचा डेटा वाचतो आणि निदान होते: दोन्ही नेटवर्के निर्दोष, आरोपी लॅपटॉप.

आता कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवावे. पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. संगणकाने तो स्वतःच घेतला. इथे मात्र १९२.१६८.१.५० दिसतो आणि लॉजचा राउटर असतो १९२.१६८.०.१ वर. ऑफिसच्या संगणकवाल्याने पत्ता कायमचा लिहून ठेवलेला. दहा खोल्यांच्या लॉजमध्ये पाहुण्याने “माझी खोली पन्नास नंबरची” म्हणत जिना चढावा, तसा हा प्रकार. अ‍ॅडॉप्टरच्या गुणधर्मांत लिहिलेला पत्ता प्रत्येक वायफायवर सोबत येतो. म्हणून हॉटस्पॉटवरही तेच घडले.

उपाय: आयपीव्ही४ च्या गुणधर्मांत पत्ता आणि डीएनएस दोन्ही ‘आपोआप’वर ठेवावेत. केवळ पत्ता बदलून ऑफिसचा डीएनएस तसाच ठेवल्यास जोडणी होते, पण संकेतस्थळे सापडत नाहीत आणि मॅनेजर पुन्हा राउटरकडे धावतो. जुने आकडे पुसण्यापूर्वी कागदावर उतरवावेत. ऑफिसात ते पुन्हा मागितले जातात, आणि तिथला संगणकवाला त्या दिवशी नेमका रजेवर असतो.