मेलेला किडा विकत घेताना

परदेशातून काय आणावे याबद्दल आपल्याकडे एकमत आहे. चॉकलेटे, फ्रिजवर चिकटवायची चुंबके, आणि शेजाऱ्यांना देताना जिवावर येणार नाही अशी एखादी वस्तू. दगड या यादीत बसत नाही. तरीही ज्यांच्या शोकेसमध्ये अजून थोडी जागा आहे, आणि ती चाळीस कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या किड्याने भरावी असे ज्यांना वाटते, त्यांच्या सोयीसाठी हे मार्गदर्शन. मार्गदर्शकाची पात्रता एवढीच, की मोरोक्कोच्या सहलीत त्याने असा एक किडा स्वतःच्या पैशाने घेतला आहे.

आधी किडा समजून घ्यावा. ट्रायलोबाइट म्हणजे तीन पाळ्यांचा. डोके, धड आणि शेपूट म्हणून तीन, असे सहलीतले निम्मे लोक तुम्हाला सांगतील. त्यांना सांगू द्यावे. पाळ्या मोजायच्या त्या उभ्या: मधला कणा, त्याच्या डावीकडची पट्टी आणि उजवीकडची पट्टी. दिसायला झुरळ, खेकडा आणि वाणी यांच्या मधले काहीतरी. संकट आले की वाणीसारखेच वेटोळे करून पडायचे, आणि पुष्कळसे त्याच अवस्थेत दगड झाले. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात आले, २५ कोटी वर्षांपूर्वी संपले. वीस हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. कॅनडात चर्चिलजवळ १९९८ साली सापडलेला सुमारे ७० सेंटिमीटर लांबीचा आहे. तो केबिन बॅगेत मावत नाही. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. हे प्राणी वाढताना कात टाकत, आणि सापडणाऱ्या जीवाश्मांत अशा टाकलेल्या कवचांचा भरणा मोठा असतो. म्हणजे आपण बहुधा प्राणी घेत नाही, त्याचे जुने कपडे घेतो.

कुठे शोधू नये, हेही आधीच सांगितलेले बरे. हातोडी घेऊन सिंहगडावर जाऊ नये. आपला सह्याद्री हा लाव्हा; तो वाहिला तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा शेवटचा ट्रायलोबाइट जाऊन साडेअठरा कोटी वर्षे उलटली होती. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक मिळतात, किडा मिळत नाही. महाराष्ट्राकडे जीवाश्मच नाहीत असे मात्र नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची विष्ठा दगड होऊन पडलेली आहे, आणि तिच्यात गवताचे सूक्ष्म अंश सापडल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले तेव्हा गवताचा इतिहास मागे सरकवावा लागला. शास्त्राच्या दृष्टीने ही वस्तू अमोल आहे. शोकेसमध्ये ठेवायला घरातून परवानगी मिळत नाही. ट्रायलोबाइट आपल्याकडे हिमालयात आहेत, स्पितीतल्या पराहिओ खोऱ्यात. पण तिथवर चढून जाण्याचे वय गेले की मगच माणसाला जीवाश्मांची आवड लागते, असा अनुभव आहे.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल तर यूटा राज्यातल्या डेल्टा गावाकडे एक फेरी मारावी. तिथे तासावर पैसे भरून खाणीत शिरायचे, पाटीसारख्या पापुद्र्यांचा दगड हातोडीने उलगडायचा आणि एल्रेथिया नावाचा बोटभर किडा स्वतः काढायचा. तो इतका मुबलक आहे की त्याची नक्कल करणे कुणालाच परवडत नाही. नातवंडे खूश होतात. एवढी सोय असताना मी मोरोक्कोत का फसलो, हा प्रश्न घरात विचारून झाला आहे.

मोरोक्को हे या व्यापाराचे पंढरपूर. सहारा जिथे सुरू होतो तिथे एर्फूद, रिसानी आणि अल्निफ ही गावे आहेत. एर्फूदला काळ्या चुनखडीच्या मोठमोठ्या लाद्या कापून त्यांची टेबले, बशा आणि हात धुण्याची बेसिनेसुद्धा करतात. कामगार लादीवर पाण्याचा हबका मारतो, आणि काळ्यात पांढरे, भाल्याच्या पात्यासारखे निमुळते शंख उजळून निघतात. हे माखली-ऑक्टोपसचे सरळ कवचाचे नातेवाईक. सगळे त्यांना ऑर्थोसेरास म्हणतात. हा माल बहुतेक खराच असतो, कारण डोंगरच्या डोंगर त्याने भरले आहेत. नवशिक्याने इथेच थांबावे. मी थांबलो नाही, आणि तुम्हीही थांबणार नाही.

कारण पुढे अल्निफ आहे. तिथल्या डोंगरांत माणसांनी हातांनी खणलेले लांबच लांब चर आहेत. खणणारा चुनखडीचा गोटा फोडतो आणि फुटलेली कड निरखतो. तिच्यावर काळपट बारीक रेघ दिसली की ती किड्याची कड. म्हणजे किडा सापडतो तो मोडल्यावरच. मग दोन्ही तुकडे चिकटवायचे, आणि कारागिराने सुईने आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक छिन्नीने भोवतालचा दगड कणाकणाने काढायचा. काटेरी जात असेल तर हे काम कित्येक दिवस चालते. वालिसेरोप्स नावाच्या एका जातीच्या तोंडापुढे चक्क त्रिशूळ असतो. नर तो घेऊन एकमेकांशी झुंजत असावेत, असा निष्कर्ष २०२३ मध्ये मांडला गेला. तो त्रिशूळ न मोडता दगडातून मोकळा करणाऱ्या माणसासमोर मी टोपी काढून उभा राहिलो असतो. ऊन फार होते म्हणून काढली नाही.

यातून पहिला नियम निघतो. खऱ्या किड्यावर सांधा असतो. दगडातून शिरून किड्याच्या अंगातून आरपार गेलेली, चिकटवल्याची बारीक रेघ दिसली तर नाक मुरडू नये, तो त्याचा जन्मदाखला आहे. भेग नाही, टवका नाही, जणू कालच दगडावर येऊन बसला, असा किडा दिसला की पाकीट आत ठेवावे.

दुसरा नियम समजायला पेणला गेलेले असावे लागते. गणपतीच्या कारखान्यात रबरी साच्यातून एकाच मुकुटाचे, एकाच सोंडेचे शंभर गणपती निघतात. एकाच्या कानामागे बुडबुड्याची खळी असेल तर ती शंभरांच्याही कानामागे असते. मोरोक्कोतली नक्कल अशीच होते. एका खऱ्या किड्याचा साचा घ्यायचा, त्यात रेझिन किंवा प्लास्टर ओतायचे, मोटारीचा पोचलेला पत्रा भरायला गॅरेजवाले वापरतात ती लांबी थापायची, वर दगडाची पूड. म्हणून दुकानात एकाच जातीचे दोन किडे शेजारी ठेवून बघावे. दोघांची तिसरी बरगडी एकाच जागी चिरलेली असेल तर ती जुळी भावंडे आहेत. पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे दिसले तर ते हवेचे बुडबुडे. चाळीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर लांबी मिळत नव्हती. गालाला लावून पाहावा: दगड गार लागतो, रेझिन तितके लागत नाही. हे करताना दुकानदाराकडे बघू नये.

पण पेणच्या कुठल्याही जाणकाराला विचारा, मूर्तीची खरी परीक्षा डोळ्यांत असते. साचा कुणीही भरेल, आखणीला हात लागतो. ट्रायलोबाइटचेही तेच. त्याचा डोळा कॅल्साइटचा, म्हणजे स्फटिकाचा होता, म्हणून तो दगड होऊनही डोळाच राहिला. फॅकॉप्सच्या कुळात भिंगे इतकी मोठी आणि सुटी असतात की साध्या हातभिंगाने त्यांच्या रांगा मोजता येतात. एर्बेनोकायले नावाच्या मोरोक्कन किड्याचे डोळे तर मनोऱ्यासारखे उंच, आणि वर उन्हाला आडोसा म्हणून छज्जा! नक्कल करणारा इथेच घसरतो. त्याचा डोळा म्हणजे गुळगुळीत गोळी, किंवा नखाने ओढलेल्या चार रेघा. तेव्हा अंगावरच्या काट्यांनी भुलू नये. नजरेला नजर द्यावी.

तापलेली सुई टोचून प्लास्टिकचा वास येतो का बघणे, नमुन्यावर लिंबू पिळणे, हे उपाय शास्त्रीय असले तरी चहा पाजणाऱ्या माणसाच्या दुकानात करू नयेत. चहा पाजतातच, पुदिन्याचा, आणि साखर अशी की आपल्या लग्नातला चहा त्यापुढे फिका. त्याआधी तुम्ही कुठले ते विचारून ‘अमिताभ बच्चन!’ होते. भाव निम्म्यावरून सुरू करावा, हा तुळशीबागेचा नियम इथे चालत नाही, कारण समोरच्यालाही तो पाठ असतो. दुकानदार मध्येच फर्नची नाजूक पाने उमटलेला दगड काढून दाखवतो. ती पाने नव्हेत, ते दगडाच्या फटीत झिरपून बसलेले मँगनीज. मी हे त्याला सांगितले. त्याने कौतुकाने मान डोलावली आणि मोठा माल काढला.

फसण्याची लाज वाटू देऊ नये, त्याला थोर परंपरा आहे. जर्मनीत वुर्त्सबुर्गच्या प्राध्यापक बेरिंगर यांनी १७२६ मध्ये एक ग्रंथ छापला. टेकडीवर सापडलेल्या दगडांत बेडूक होते, जाळ्यासकट कोळी होते, आणि देवाचे नाव हिब्रू अक्षरांत होते. ते सारे त्यांच्याच दोन सहकाऱ्यांनी कोरवून पेरले होते. आपणही मागे नाही. हिमालयात सापडले म्हणून शोधनिबंधांत वर्षानुवर्षे मिरवलेले काही जीवाश्म प्रत्यक्षात मोरोक्कोच्या बाजारातल्या मालासारखे असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मधून दाखवून दिले. मी निदान किडा घेतला तिथलाच घेतला.

खरे तर जीवाश्म पारखण्याची विद्या आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. मुक्तिनाथाजवळच्या काळी गंडकीतून येणारा शाळिग्राम हा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा अमोनाइट. त्याच्यावरची चक्रे मोजून हा दामोदर, हा नृसिंह असे वर्गीकरण आपले भटजी शास्त्रज्ञांच्या आधीपासून करत आले आहेत. फरक इतकाच, की शाळिग्रामाची किंमत करू नये म्हणतात. एर्फूदला हा दंडक लागू नाही.

नियमांची चौकशी मात्र निघण्यापूर्वीच करावी. अमेरिकेत काही सरकारी जमिनींवरचे साधे बिनकण्याचे जीवाश्म स्वतःच्या संग्रहापुरते उचलता येतात, हाडे असलेल्या प्राण्यांना परवान्याशिवाय हात लावता येत नाही. इतरत्र नियम वेगळे, आणि दुकानदाराची ‘नो प्रॉब्लेम’ ही परवानगी नव्हे. सामान कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवावे. यंत्रामागच्या गणवेशधारी माणसाने बॅग थांबवलीच तर थोडक्यात उत्तर द्यावे. मी ‘किडा आहे, मेलेला’ म्हणालो आणि विमान जवळजवळ चुकले.

आता माझ्या खरेदीविषयी. वरचे सगळे नियम मला तेव्हाही माहीत होते. आमच्या हिने टोपलीतून एक नाक फुटलेला, अंगठ्याएवढा फॅकॉप्स उचलला. मध्ये सांधा, एक डोळा गायब, पण उरलेल्या डोळ्यात भिंगांच्या रांगा लख्ख. ३० दिरहम. मी म्हणालो, ‘‘अगं, मोडकाच घ्यायचा तर इथवर कशाला आलो?’’ आणि स्वतः फूटभर लांबीचा, अखंड, काळाभोर पॅरॅडॉक्सिडीस घेतला. ६०० सांगितले होते, २५० ला दिला. सांगितलेल्या भावाच्या निम्म्याहून कमी झाले की माझी बुद्धी थांबते.

तीन वर्षे तो शोकेसच्या वरच्या फळीवर होता. येणारा प्रत्येक जण त्याच्याचकडे बघे. हिचा फॅकॉप्स खालच्या फळीवर, किल्ल्यांच्या वाटीत. गेल्या गौरी-गणपतीच्या आधी शोकेस पुसताना माझाच हात लागला आणि पॅरॅडॉक्सिडीस खाली आला. आमचे घर जुने, फरशी शहाबादी. ती भीमेच्या खोऱ्यातली चुनखडी. तिचा थर बसला तेव्हा ट्रायलोबाइट जन्मालाही यायचे होते. फरशीला ओरखडासुद्धा आला नाही. किड्याचे सात तुकडे झाले, आणि सातही आतून पांढरेशुभ्र.

कामाच्या मावशी केरसुणी घेऊन आल्या. त्यांनी एक तुकडा उचलला, बोटाने खरवडला, पांढरी भुकटी वास घेऊन पाहिली.

‘‘दादा, हे तर पीओपी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नदीत सोडू देत नाहीत आता. हौदातच टाका.’’