दहा काठ्यांची मोळी

भोरमध्ये कुंडली बघणारे पुष्कळ आहेत. टॅरोचे पत्ते बघणारा मात्र माझ्या माहितीत एकही नव्हता. ही उणीव भरून काढायला नियतीने मलाच नेमलंय, हे मला पत्ते न पिसताच कळलं. 78 पत्त्यांची डबी मागवली. आता अर्थ सांगणारं पुस्तक हवं.

डबीतल्या पुस्तिकेत एका पत्त्याला दोन ओळी, त्याही मुंगीच्या अक्षरात. म्हणून अप्पा बळवंत चौक गाठला आणि जाडी बघून पुस्तकं निवडली. समोर बसणाऱ्यावर छाप पडायला हवी ना! एक खुद्द वेटसाहेबांचं, ज्यांनी हे पत्ते काढवून घेतले. दुसरं रेचल पोलॅकबाईंचं, मुळात 1980 आणि 1983 साली दोन भागांत आलेलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे वेल्ह्याची आत्या. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, आत्याला ते मान्य आहे, पण ती वेल्ह्यातच राहते.) पत्ता निघाला दहा काठ्यांचा. वेटसाहेब म्हणतात, हा पत्ता म्हणजे जाच. पण भाग्य आणि लाभसुद्धा. शिवाय सोंग आणि दगाबाजी. कोर्टात दावा असेल तर हार. आत्याचा बांधावरून दावा चालू आहे. मी एवढंच वाक्य गिळलं आणि पोलॅकबाईंची पानं उलटू लागलो.

तोवर आत्याने पत्ता उजेडात धरला.

"ह्यो सरपान घेऊन चाललाय. पन मोळी तोंडापुढं धरलीया बघ. वाट कशी दिसंल? डोईवर घ्यावी की रं!"

खरंच, त्या वाकलेल्या माणसाचं तोंड काठ्यांत खुपसलेलं आहे. दोन पुस्तकं चाळताना मी चित्राकडे धड बघितलंच नव्हतं.

"काढलंय कुनी?"

पामेला कोलमन स्मिथने, 1909 साली, मी सांगितलं. पैसे जेमतेम मिळाले. पत्त्यांना नाव पडलं 'रायडर-वेट': एक प्रकाशक, दुसरा वेट. तिची खूण तेवढी चित्राच्या कोपऱ्यात, नागमोडी, नखाएवढी.

आत्या ती खूण बोटाने चाचपत राहिली. "म्हंजी सातबाऱ्यावर तिचं नाव न्हाई."

पन्नास पावसाळे आत्याने गुडघाभर चिखलात भाताची लावणी केली. सातबाऱ्यावर आधी सासऱ्यांचं नाव होतं, मग मामांचं, आता मुलाचं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचा राग यायला मात्र एक विलायती पत्ता लागला, याची लाज वाटली.

तर नवशिक्यांनो, पुस्तक पोलॅकबाईंचंच घ्या. पण ते उघडण्याआधी पत्ता मोळी वाहिलेल्या माणसाला दाखवा. वेटसाहेबांचा ग्रंथ फडताळात उभा ठेवा, छाप पडते.

माझं भविष्य सांगणं सध्या बंद आहे. आत्याचं जोरात चालू आहे. दक्षिणा एक कप चहा, आणि तोही तीच करते.