कोंबडी चार आण्यांची

ऑलिंपिकचं पदक आलं की आपल्याकडे दोन गोष्टी लगोलग होतात. चौकात फ्लेक्स लागतो आणि कुणाचे तरी वडील रायफलीचा भाव विचारू लागतात. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, तेव्हापासून ही चौकशी सुरूच आहे. (पदकाआधी तो रेल्वेत टीसी होता, पदकानंतर साहेब झाला. फ्लेक्सवर साहेबच छापतात.) प्रश्न ठरलेला: पॉइंट टू टूमध्ये, म्हणजे .२२ बोअरच्या रायफलींत, स्वस्त आणि मस्त कुठली?

प्रश्न विचारणाऱ्यानं मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यात रायफलीवर हातभर दुर्बीण, खाली मॅगझिन, वर काळा रंग. तिथं पॉइंट टू टू खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळते, त्यामुळे त्यांचं बरं चाललंय. पण ऑलिंपिक पद्धतीच्या रायफल सामन्यात दुर्बीण चालत नाही, डोळा पीप साइटच्या बारीक भोकाला लावायचा असतो. काडतूसही दर वेळी हातानं एकच भरायचं. म्हणजे ज्यावर पैसे गेले, तेच घरी ठेवून रेंजवर जायचं.

मग पैसे कशावर घालायचे? आधी लक्ष्य बघा. ५० मीटरवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. शर्टाचं बटण साधारण तेवढंच असतं. तिथवर जाणारी गोळी शिशाची, वजन जेमतेम २.६ ग्रॅम. वाऱ्याची झुळूक आली की ती हलते. त्यातही वेगवान काडतूस भारी, हा समज तर पक्का रुजलेला. आवाजाच्या वेगापेक्षा जोरात सुटलेली पॉइंट टू टूची गोळी वाटेत मंदावते आणि तो वेग उलटा ओलांडताना डगमगते. म्हणून सामन्याची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या आतच ठेवतात. ज्याला धडाका हवा, त्यानं दिवाळीची वाट पाहावी.

खरी गंमत पुढे आहे. एकाच कंपनीची, एकाच नावाची, दोन वेगळ्या लॉटची, म्हणजे खेपांची, काडतुसं एकाच नळीतून वेगवेगळी पडतात. एक लॉट दहावर गठ्ठा लावतो, दुसरा नवावर रांगोळी काढतो. यात दोष रायफलीचा नाही आणि पोराचाही नाही. मोठे नेमबाज थेट कारखान्याच्या चाचणी-रेंजवर जातात, नळी शिकंज्यात बसवतात, लॉटमागून लॉट झाडून बघतात आणि जमेल त्या लॉटची खोकी उचलतात. आपल्याकडे मात्र लाखांची रायफल घेऊन तिला दुकानात मिळेल ते काडतूस घालायचं. शिवाय पॉइंट टू टूच्या काडतुसाची पुंगळी पुन्हा भरता येत नाही, उडाली की संपली. सामन्यातल्या मोजायच्या गोळ्याच ६० : गुडघ्यावर २०, पालथं २०, उभं राहून २०. सरावाच्या कोण मोजतं? मोजतं, घरातली आई मोजते. म्हणून म्हणतात, चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.

तेव्हा परवडणारी रायफल म्हणजे जिच्यानंतर काडतुसांना पैसे उरतात ती. नव्या जर्मन अन्शुट्झकडे बघू नका, ती लाखांत जाते. तिचीच जुनी, हातातून हातात आलेली बघा. पॉइंट टू टूत दाब कमी, गोळी मऊ, त्यामुळे नीट राखलेली नळी वर्षानुवर्षं टिकते. झेक सीझेडचंही काम चोख असतं. चाप हलका असावा आणि प्रत्येक वेळी एकाच जागी सुटावा. दस्ता मागेपुढे, वरखाली करता यावा. नियमानं रायफल आठ किलोपर्यंत चालते, म्हणून तेरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर आठ किलो ठेवायलाच हवेत असं नाही. दस्त्याच्या लाकडावरची नक्षी गुणपत्रिकेत धरत नाहीत.

आणि हो, १९५९ चा शस्त्र कायदा. पॉइंट टू टूला परवाना लागतो, मग ती कितीही स्वस्त असो. पोलीस पडताळणी, रायफल क्लबचं सदस्यत्व, एकेका काडतुसाचा हिशेब. सेकंडहँड घेतली तर दोघांचे कागद चोख हवेत. एवढ्या फेऱ्यांत बापाची उभ्या स्थितीची तयारी आपोआप होते.

त्यामुळे पोर अजून कच्चं असेल तर रायफल घेऊच नका. १० मीटरच्या एअर रायफलीवर हात बसू द्या, मग क्लबची पॉइंट टू टू वापरू द्या. त्यानंतरही घ्यायचीच ठरली, तर विकणाऱ्याला किंमत नंतर विचारा, आधी विचारा की हिला कुठला लॉट चालतो. त्याला उत्तर देता आलं नाही, तर पुढचा विकणारा गाठा.