अठ्ठावीस दिवसांत गीतकार व्हा!

'फेब्रुवारी अल्बम रायटिंग मंथ', लाडाचं नाव 'फॉम'. अमेरिकेत 2004 साली सुरू झालेल्या या उपक्रमाचं गणित सोपं आहे : 28 दिवस, 14 नवी गाणी. परीक्षक नाही, बक्षीस नाही. म्हणजे तुम्हाला अडवणारंही कुणी नाही. तेव्हा लागा कामाला.

1. खरेदी करा. जानेवारीत गाणी रचून ठेवणं नियमात बसत नाही, पण माइक, हेडफोन आणि कोरी वही घेण्याला बंदी नाही. घरी 'छंद' म्हणू नका, 'गुंतवणूक' म्हणा.

2. पहिले तीन दिवस गिटार सुरात लावा. चौथ्या दिवशी तार तुटेल आणि दुकानाची साप्ताहिक सुट्टी नेमकी त्याच दिवशी असेल. खचू नका, सगळ्यांचं असंच होतं.

3. चाल लावा. जी, डी, ई मायनर, सी हे कॉर्ड याच क्रमाने वाजवा. चाल ओळखीची वाटेल. वाटणारच, जगातली निम्मी गाणी याच चौघांवर पोसली आहेत. पुढच्या गाण्याला कॅपो एक फ्रेट वर सरकवा. झाली नवी चाल.

4. शब्द भरा. दोन मात्रा कमी पडल्या तर 'रे', तीन पडल्या तर 'सखे', पाच पडल्या तर 'साजणी'. ही साजणी कोण, असा प्रश्न घरातून येईल. उत्तर मीटरमध्ये नसलं तरी चालेल, पण तयार ठेवा. 'मन'ला 'क्षण' नीट जुळत नाही असं कुणी म्हणालंच, तर आपण मुक्तछंदात लिहितो म्हणून सांगा.

5. थोरांशी तुलना करा. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आठवड्याला एक नवं गाणं, एकूण 56. तुम्ही आठवड्याला साडेतीन पाडताय. वेगाचा हिशेब इथेच थांबवा, पुढे जाऊ नका.

6. सावध राहा. आठव्या-नवव्या गाण्यापाशी एखादी ओळ चुकून चांगली येते. मग अंतरा बदलावासा वाटतो, एका शब्दावर रात्र जाते आणि आकडा तिथेच अडतो. अनेक होतकरू इथेच गळाले. ओळ आहे तशी सोडा आणि दहाव्याला लागा.

7. शेवटच्या रात्री अकराच गाणी झालेली असतील. शब्दांवाचूनची रचनाही मोजली जाते, हे आता आठवा. तीन वेळा डोळे मिटून तारा छेडा. नावं द्या : 'अस्वस्थ', 'अस्वस्थ – 2' आणि 'पहाट'.

8. लीप वर्षात लक्ष्य साडेचौदा गाण्यांचं असतं. त्या अर्ध्याची चिंता तुम्ही तरी करू नका.

9. मार्चमध्ये ते आठवं गाणं नीट करू, असं मनात येईल. येऊ द्या, जाईल. ज्याला चौदा जमली, तो एकावर कशाला बसेल? 4 जुलैला 'फिफ्टी-नाइंटी' सुरू होतं : 1 ऑक्टोबरपर्यंत 90 दिवसांत 50 गाणी. कॅपोला वरचे फ्रेट अजून मोकळे आहेत.