चिलटं पोसणारी भाची

"काय वहिनी, संत्र्याची सालं आज पण भिंतीशीच? चिलटं पाहा किती झाली!"

"राहू द्या न ताई. आमची भाची मुंबईले मुद्दाम पोसते ही."

"चिलटं?"

"हाव! कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये. बाटलीत मक्याच्या पिठाची खळ, वरून कापसाचा बोळा. दहा दिवसांत नवी पिढी तयार. तिची आई म्हणते, पोट्टीले इतकं शिकवलं अन् ही चिलटं मोजून राहिली."

"मोजून करते काय?"

"बिघडलेलं शोधते. त्यांच्यात एक जात आहे, २९ डिग्री झाले की धपकन आडवी. गार केलं की उठून पुन्हा चालू."

"बाप्पा! आपल्या नवतप्यात तर बिचारी रात्रीही उठायची नाही."

"हसू नका. ओबेद सिद्दीकींनी १९६२ मध्ये तिथं जीवशास्त्राचा विभाग काढला. त्यांनी अन् अमेरिकेच्या बेंझरनं अशी पडणारी चिलटं तपासली, १९७६ चा पेपर आहे. गरमी झाली की मज्जातंतूतून निरोपच पुढे जात नाही. मागून कळलं, सोडियम आत घेणारं जे दार असते, त्याचा जीनच खराब. तसंच दार आपल्या मेंदूत असते. ते बिघडलं की माणसाले फीट येण्याचे काही प्रकार होतात."

"अन् पोरगी कोणाच्या हाताखाली शिकली?"

"ती तर आता आताची. पण नाव घेते व्हेरोनिका रॉड्रिग्जचं. आईबाप गोव्याचे, जन्म केनियाचा, शिक्षण डब्लिनले, अन् संशोधनाले मुंबई! बाईनं चिलटाची जीभ पकडली म्हणा न. एका जातीले ग्लुकोजची गोडी कमी लागे, फळातल्या साखरेची मात्र बरोबर. म्हणजे गोड ओळखायची सोय एकच नाही, वेगवेगळी. २०१० मध्ये गेल्या बाई."

"चिलटाच्या एवढुशा डोक्यात एवढं?"

"एक लाख एकोणचाळीस हजार पेशी! २०२४ मध्ये त्यांच्या जोडण्यांचा पूर्ण नकाशाच छापून आला."

"पण मग काटोलकडे बागेत संत्री गळवते ते हेच चिलट?"

"नाही हो, ती फळमाशी वेगळी. ती झाडावरच्या फळात अंडी घालते. हे सडक्यावरच बसते."

"मग सडकं माझ्या भिंतीशी कायले? सकाळी कचरागाडी येते, त्यात टाका."