‘ओपन करून कोण गेलंय?’

शीळफाट्यावरच्या कुठल्याही ट्रान्सपोर्ट ऑफिसात शिरा. भिंतीवर एकवीरा आई, तिच्या शेजारी टायरवाल्याने दिलेलं कॅलेंडर, खाली पाच-सहा कॉम्प्युटर आणि एका टेबलाखालून बाहेर आलेले दोन पाय. ते पाय भाऊंचे. भाऊ स्वतःच्या खुर्चीवर क्वचितच सापडतात. ती खुर्ची आल्यागेल्याला बसायला देतात. पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा ‘बिलिंग क्लार्क’ असा आहे. कॉम्प्युटरकडे बघण्यासाठी त्यांना कुणी नेमलेलं नाही. कधीकाळी त्यांनी शेठच्या मोबाइलमधले घरच्या गणपतीचे फोटो कॉम्प्युटरवर काढून दिले आणि त्याच क्षणी सगळ्या ऑफिसने मनोमन त्यांची नेमणूक करून टाकली. जादा पगार नाही, ऑर्डर नाही, नाही म्हणायची सोय नाही.

मुंब्रा बायपासचा, महापेचा, पनवेलचा आणि कल्याणचा असा सगळा लोंढा या नाक्यावर एकमेकांच्या अंगावर येतो. न्हावाशेव्याहून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर इथूनच जातात. इथे अडकलेला माणूस फोनवर ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणतो आणि ऐकणारा निवांत चहा मागवतो. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तर कुणी कुणाला बोलत नाही, कारण ते प्राक्तन. पण बिल्टीची, म्हणजे मालाच्या पावतीची, फाइल उघडेना म्हणून भरलेली गाडी गेटवर उभी राहिली आणि तेवढ्यात अवजड वाहनांच्या बंदीची वेळ लागली, की शेठ केबिनमधून बाहेर येतात. शेठ बाहेर यायच्या आत फाइल उघडणं, हे भाऊंचं जीवितकार्य.

ऑफिसचा सगळा संसार ‘झेड ड्राइव्ह’वर असतो. झेड ड्राइव्ह म्हणजे अकाउंटवाल्या मॅडमच्या मागच्या कोपऱ्यातला सगळ्यात जुना कॉम्प्युटर. त्याला आदराने ‘सर्व्हर’ म्हणतात आणि त्याच्या डोक्यावर हळदीकुंकवात आलेले प्लॅस्टिकचे डबे ठेवतात. स्विचवर भाऊंच्या अक्षरात चिठ्ठी आहे : ‘बंद करू नये. मोबाइल चार्जिंग दुसरीकडे करावे.’ बिल्ट्या, दरपत्रकं, डिझेलचा हिशेब, ड्रायव्हरांची उचल, सगळं या कॉम्प्युटरवरच्या एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतं आणि बाकीचे सगळे ते आपापल्या टेबलावरून उघडतात. म्हणजे उघडायचा प्रयत्न करतात.

फाइल उघडली नाही की एक्सेल सांगतं, ती लॉक आहे, दुसरं कुणीतरी वापरतंय. ते कोण, हेही सांगतं. पण या ऑफिसात सगळे कॉम्प्युटर एकाच माणसाने एकाच दुपारी चालू करून दिल्यामुळे प्रत्येकाचं नाव ‘युजर’ असंच आहे. तेव्हा ‘युजर’ला कळतं की फाइल ‘युजर’ने अडवली आहे. मग कुणीतरी ओरडतं, ‘‘भाऊ, बिल्टी उघडत नाय!’’ आणि टेबलाखालून भाऊंची आरोळी येते, ‘‘ओपन करून कोण गेलंय?’’

सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत ‘मी नाही’ म्हणतात. भाऊंचा यावर विश्वास नसतो. त्यांचा तपास कॉम्प्युटरच्या नव्हे, माणसांच्या ज्ञानावर चालतो. डिझेलची शीट अडली असेल तर यार्डचा सुपरवायझर. दरपत्रक अडलं असेल तर साक्षात शेठ. तेव्हा आवाज खाली आणून ‘‘शेठ, तुमचं झालं असेल तर...’’ अशी सुरुवात करायची. ड्रायव्हरांच्या उचलीची फाइल अडली असेल तर मॅडम, आणि त्या डबा खायला बसल्या असतील तर थांबायचं. सुपरवायझर कल्याण फाट्यावर अडकलेला असतो. भाऊ फोन लावतात. तिकडून उत्तर येतं, ‘‘मना काय म्हाईत? मी तं बंद करूनशी आयलो!’’ त्याने बंद केलेला असतो तो फक्त स्क्रीनचा दिवा.

कधीकधी खरोखरच कुणी नसतं. वीज गेलेली असते, कॉम्प्युटर धाडकन बंद पडलेला असतो आणि तरीही फाइल कुणीतरी वापरतंय असा निरोप येत राहतो. नवशिक्याला यात भुताटकी वाटते. भाऊ ज्ञान देतात : एक्सेल फाइल उघडली की तिच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी लपलेली फाइल तयार होते, नावाच्या आधी टिल्डा आणि डॉलरची खूण असलेली. ‘‘एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसा हा रुमाल. माणूस नीट उतरला तर रुमाल घेऊन उतरतो. वीज गेली तर माणूस गायब, रुमाल तिथंच. आणि आपण सज्जनासारखे उभे!’’ एवढं बोलून भाऊ लपलेल्या फाइली दाखवणारी खूण करतात, दोनदा विचारून खात्री करतात, रुमाल उचलतात. फाइल उघडते. मॅडम म्हणतात, ‘‘आता माझ्याकडून पण उघडली असती.’’

भाऊंचा खरा शत्रू लॉक नाही. न वाचता ओके दाबणारा माणूस आहे. ‘‘काय लिहून आलं होतं?’’ ‘‘काहीतरी इंग्लिशमध्ये आलं, मी ओके केलं.’’ या संवादावर भाऊंचं निम्मं आयुष्य खर्च झालंय. दुसरा शत्रू म्हणजे फाइलींना बाळसं देणारे. ‘बिल फायनल’, मग ‘बिल फायनल नवीन’, मग ‘बिल खरं फायनल शेठनी बघितलेलं’ आणि हे सगळं ‘नवीन फोल्डर’च्या आत ‘नवीन फोल्डर (2)’च्या आत. एक्सेलला फाइलचा सगळा पत्ता मिळून 218 अक्षरांपर्यंतच झेपतो. त्यापुढे फाइल डोळ्यांना दिसते, पण उघडत नाही. भाऊ मुकाट्याने ‘शेठनी बघितलेलं’ एवढं खोडतात, फाइल उघडते, आणि शेठनी बघितल्याचा एकमेव पुरावा नष्ट होतो.

तिसरी अडचण पिवळ्या पट्टीची. फाइल उघडते, पण वर पट्टी येते की ही इंटरनेटवरून आल्यासारखी दिसते, सांभाळून. मॅडमचा संताप होतो, कारण फाइल त्यांच्या पाठीमागून आलेली असते. भाऊ विचारतात, सर्व्हर नावाने उघडला की नंबराने? नंबराच्या पत्त्यात मध्ये टिंबं असतात आणि टिंबं दिसली की विंडोज त्याला बाहेरचा समजतं. साध्या नावाने गेलात तर घरचा. ‘‘नावाने हाक मारा हो त्याला, इतकी वर्षं तुमच्या मागे बसलाय!’’

भाऊंना इतिहासही आहे. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर ओलीस धरले. तो पसरला विंडोजच्या फाइल शेअर करायच्या जुन्या पद्धतीतल्या, एसएमबी 1 मधल्या, भगदाडातून. जूनच्या अखेरीस त्याच भगदाडाचा फायदा घेत नॉटपेट्या आला आणि मर्स्क या जहाज कंपनीबरोबर तिच्या गटाचं न्हावाशेव्यातलं, जेएनपीटीतलं टर्मिनलही ठप्प झालं. गाड्या बंदरावर, ड्रायव्हर गाडीत आणि शेठ केबिनबाहेर. त्याच ऑक्टोबरात आलेल्या विंडोज 10 च्या अपडेटने नव्या कॉम्प्युटरवर ती जुनी पद्धत बंदच ठेवली. ठीकच केलं, पण शेठनी हौसेने घेतलेल्या नव्या कॉम्प्युटरला कोपऱ्यातला म्हातारा दिसेनासा झाला. शेठचं म्हणणं, नवाच बिघडलेला आहे. तो नवा बरोबर आहे आणि जुना धोक्याचा आहे, हे पटेपर्यंत भाऊंचे दोन दिवाळी बोनस वाट बघत बसले. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून जुनाच, पण त्यातल्या त्यात तरुण कॉम्प्युटर आला. पुढे 2024 च्या विंडोज 11 च्या अपडेटने पासवर्डाशिवाय येणाऱ्या पाहुण्यांना अडवायला सुरुवात केली, तेव्हा भाऊंनी पासवर्ड घातला. तो सुरक्षित राहावा म्हणून सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनला चिकटवून ठेवला.

सप्टेंबर 2025 मध्ये बुलेट ट्रेनच्या बोगद्यातला घणसोली ते शीळफाटा हा 4.88 किलोमीटरचा तुकडा आरपार झाला. सगळे मोबाइलवर बातमी बघत होते. भाऊ टेबलाखालून म्हणाले, ‘‘डोंगर फोडून लोक इथवर आले, आणि आपली बिल्टी या टेबलावरून त्या टेबलावर जात नाय.’’ उंदराने वायर कुरतडली होती.

एमबीए करून आलेल्या शेठच्या मुलाने यावर क्लाउडचा तोडगा काढला. भाऊंनी विरोध केला नाही. त्यांनी आयुष्यात कशालाच केलेला नाही. थोड्याच दिवसांत एकाच फाइलीच्या दोन प्रती झाल्या : एकीत गाडी निघालेली, दुसरीत अजून भरतेय. खरी कुठली, हे विचारायला सगळे टेबलाखाली वाकले. भाऊंनी गेटवरच्या वॉचमनला फोन केला आणि गाडी कुठे आहे ते विचारलं. सगळे पुन्हा झेडवर आले.

मुलगा हुशार. त्याच्या लक्षात आलं की शेअर केलेली खरी गोष्ट फोल्डर नाही, भाऊ आहेत, आणि त्यांचा बॅकअप नाही. त्याने गौरी-गणपतीची रजा एका अटीवर मंजूर केली : जे डोक्यात आहे ते सगळं लिहून ठेवायचं. भाऊंनी लिहिलं. सुवाच्य, क्रमवार, फोटोंसकट. फाइलीला नाव दिलं ‘झेड ड्राइव्ह दिसत नसेल तर काय करावे’.

भाऊ कशेडीच्या पलीकडे पोचले आणि झेड ड्राइव्ह दिसेनासा झाला. मुलाने शांतपणे फोन लावला.

‘‘ती फाइल कुठे ठेवलीय, भाऊ?’’

‘‘झेडमध्येच. सगळ्यांना सापडायला पाहिजे ना?’’

मुलाने डोळे मिटले. ‘‘प्रिंट नव्हती का काढून ठेवायची?’’

‘‘काढणार होतो, साहेब. पण प्रिंटर त्याच कॉम्प्युटरवरून शेअर आहे, आणि डिझेलची शीट ओपन करून कोणीतरी गेलेलं होतं.’’